उपासनेला जाऊन हे बिल फेडू नका

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. वय ६३. ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कंपनीत हिशेब विभागात आयुष्य काढून निवृत्त झालो. घराणे ख्रिस्ती, मूळ गाव नगर जिल्ह्यातले. कॉलेजात असतानाच मी चर्चला जाणे सोडले आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत देव मानण्याजोगे एकही कारण मला सापडलेले नाही. पत्नी मात्र दर रविवारी मराठी मंडळीच्या, म्हणजे तिच्या चर्चच्या, उपासनेला जाते.

यंदा माझी बायपास झाली, जखमेत संसर्ग झाला आणि ठाण्यातल्या रुग्णालयातला मुक्काम लांबत गेला. विम्याची मर्यादा संपल्यावर उरलेले एक लाख ऐंशी हजार रुपये मंडळीने आम्हाला न विचारता भरले. घरी महिनाभर डबे आले. पत्नी तापाने पडली तेव्हा मंडळीतला एक तरुण रात्री माझ्याजवळ थांबला. त्या रात्री मला जुलाब झाले. वॉर्डबॉय येईना, तेव्हा त्या मुलाने मला पुसले, धुतले, चादर बदलली आणि पहाटे तो तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात कामावर निघून गेला. त्याच्या चर्चबद्दल मी त्याच्यासमोर आजवर टिंगलच केली होती.

मी ठेव मोडून पैसे परत करू पाहिले. पत्नीच्या हाती दिलेले पाकीट खजिनदारांनी तीन वेळा परत पाठवले. एकदा डबा परत करताना साखरेखाली पाचशेच्या नोटा ठेवल्या, त्याही परत आल्या. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला काहीच विचारलेले नाही, पण मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘प्रभूने वाचवले, आता सगळ्यांसमोर उभे राहून तशी साक्ष द्या.’ माझ्या पणजोबांना गावाने जन्मभर ऐकवले की तुम्ही दुष्काळात भाकरीसाठी बाटलात. आता मी चर्चला गेलो तर तोच टोमणा खरा ठरेल, नाही गेलो तर कृतघ्न ठरेन. मेव्हण्याने घरासाठी दिलेले पैसेही, तो नको म्हणत असताना, मी व्याजासह फेडले होते. पत्नी म्हणते, एकच रविवार चला. जावे का? आणि ज्यांचा देव मी मानत नाही, त्यांची कृपा मी घ्यावी तरी कशी?

उत्तर : या रविवारी जाऊ नका. मी स्वतः ठाण्यात वाढलेला आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली तर आठवडाभर चुटपुटत राहणारा कॅथलिक आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या सल्ल्यातून काय वजा करायचे ते तुम्हाला ठरवता येईल. तुमच्या पत्नीचा आग्रह प्रेमापोटी आहे आणि एरवी मी तिचीच बाजू घेतली असती. पण आजच्या मनःस्थितीत तुमचे तिथे जाऊन बसणे म्हणजे तीनदा परत आलेले पाकीट चौथ्यांदा, या वेळी स्वतःच्या देहाच्या रूपाने, दानपेटीत सरकवणे आहे. तासभर बाकावर बसून तुम्ही मनातल्या मनात किती रुपये वळते झाले याचा हिशेब करत राहाल, शेजारी पत्नी आशेने तुमच्याकडे बघत राहील आणि घरी परतताना दोघेही एकमेकांवर नाराज असाल.

पणजोबांची गोष्ट आधी घेतो, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत जड मजकूर तुम्ही एका वाक्यात उरकला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ पासून सुरू होते आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली, ही गोष्ट कोणी नाकारत नाही. पण ‘भाकरीसाठी बाटले’ असे म्हणणारी माणसे कोण होती, हेही पाहिले पाहिजे. त्यांनी स्वतः भाकरी दिली नव्हती. त्यांच्या विहिरीवर तुमच्या पणजोबांना पोहरा टाकता येत नव्हता. ज्याचे पोट रिकामे आहे त्याचे डोकेही रिकामेच असणार, त्याला विचार करून निर्णय घेता येणारच नाही, असे त्या टोमण्यामागे गृहीत धरलेले आहे, आणि ते तुम्ही, तर्काला इतके मानणारे गृहस्थ, तीन पिढ्यांनंतरही तपासून पाहिलेले नाही. मिशनऱ्यांनाही हा प्रश्न छळत होताच. त्याच दुष्काळात तेलुगू मुलखातल्या ओंगोल येथे जॉन क्लाउ या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने मदतकार्य सुरू असेपर्यंत बाप्तिस्मे देणे थांबवले होते. मदत संपली, आता काही मिळणार नाही हे सर्वांना ठाऊक झाले, आणि त्यानंतर १८७८ च्या जुलै महिन्यात एकाच दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. धान्य आणि श्रद्धा यांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्या माणसाने घेतलेली ही काळजी तुमच्या कामाची आहे. तुमचे पाळक तुम्हाला काहीच विचारत नाहीत, तेही बहुधा याच काळजीपोटी असावे.

त्या टोमण्याच्या मागे त्याहून जुनी जखम आहे. गावकीची कामे करून दारोदार शिळी भाकरी मागायची, उष्टे पदरात घ्यायचे आणि त्याला हक्क म्हणायचे, ही अवस्था ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या पुढच्या पिढ्यांना फुकटची वस्तू हातात घेताना हात भाजल्यासारखे वाटले तर त्यात नवल काही नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्ट्याचे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे निक्षून सांगितले होते. तो स्वाभिमान धर्म बदललेल्या घरांतही झिरपला, आणि तो झिरपला हे चांगलेच झाले. तुमचा पैशाच्या बाबतीतला काटेकोरपणा मी त्याच वारशाचा भाग मानतो आणि त्याला नावे ठेवण्याचे माझ्या मनातही नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की त्या काळी जे नाकारायला सांगितले ते आणि तुमच्याकडे जे आले ते, या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत का?

त्यासाठी तुम्हाला त्या रात्रीकडे परत जावे लागेल. पत्रात तुम्ही पैशांबद्दल बरेच लिहिले आहे, पण तुमची झोप पैशांनी उडालेली नाही. एक लाख ऐंशी हजारांचा आकडा तुम्हाला सोसवतो, कारण आकड्याशी काय करायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. सोसवत नाही ते हे, की ज्याची तुम्ही टिंगल केली त्याने तुमची घाण काढली, तीही तुमच्या शुद्धीत, दिव्याच्या उजेडात, आणि तुम्हाला हात हलवून नको म्हणण्याचीही ताकद नव्हती. उष्टे देणारा उंच ओट्यावर उभा असतो आणि घेणारा खाली पदर पसरतो. त्या खोलीत मात्र देणारा वाकलेला होता आणि तुम्ही वर पलंगावर होतात. ओशाळवाणे तुम्हाला दोन्हीकडे वाटले असते, यात शंका नाही, पण पहिल्या ठिकाणी कोणीतरी तुमची पायरी दाखवत असते. इथे तुमची पायरी कोणी दाखवली? त्या मुलाने सकाळी कोणाला सांगितले का, की बघा, देव न मानणाऱ्या या गृहस्थांचे मी काय काय केले?

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातल्या १३व्या अध्यायात नेमका हाच पेच आहे आणि तो श्रद्धावान माणसाला पडलेला आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुवायला बसतो. पाय धुणे हे घरच्या चाकराचे काम. पेत्र नावाचा शिष्य साफ नकार देतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत म्हणतो. येशू सांगतो की मी धुतले नाहीत तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. त्यावर पेत्राचे उत्तर बघण्यासारखे आहे : मग केवळ पायच नको, हात आणि डोकेही धुवा! आधी काहीच घेणार नाही, आणि घ्यायचेच झाले तर दिले आहे त्यापेक्षा जास्त घेणार, पण घेण्याची अट मी ठरवणार. पाकीट परत पाठवणारे तुम्ही म्हणजे पेत्राचे पहिले वाक्य, आणि ‘मग आता चर्चलाच जातो’ म्हणणारे तुम्ही म्हणजे त्याचे दुसरे वाक्य. दोन्ही वाक्यांत समोरचा माणूस जे करतो आहे ते त्याला निमूटपणे करू देणे तेवढे राहून जाते. आणखी एक तपशील वाचताना सहसा निसटतो. त्या रात्री यहूदा इस्कर्योत त्याच पंगतीत होता आणि पाय धुऊन झाल्यावर तो बाहेर पडला. म्हणजे जो काही तासांत दगा देणार, त्याचेही पाय त्या पाण्यातून सुटलेले नाहीत.

आमच्याकडे पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, मिस्सेत याची आठवण म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. तलावपाळीजवळच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चमध्येही हा विधी होतो. निवडलेली मंडळी कशी येतात ते एकदा निरखून पाहा. घरी टाचा दगडाने घासलेल्या, नखे कापलेली, नवे मोजे. मळलेला पाय पुढे करायची आम्हा श्रद्धावंतांचीही छाती होत नाही. त्यामुळे तुमच्या संकोचावर विश्वास हा हमखास उतारा आहे, असे कोणी सांगितले तर फारसे मनावर घेऊ नका.

आता तुमच्या अविश्वासाकडे वळू. तो प्रामाणिक आहे असे मी धरून चालतो, आणि या उत्तरात त्याला हात लावणार नाही. पण तुम्ही एक गोष्ट अनवधानाने लिहून गेला आहात. मेव्हण्याचे पैसे तुम्ही व्याजासह फेडले, तो नको म्हणत असताना. मेव्हणा काही देवाच्या नावाने पैसे देत नव्हता, तुम्हाला साक्ष द्यायला लावणार नव्हता, आणि तरीही तुम्हाला ते सहन झाले नाही. यावरून मला असे वाटते की तुमच्यात दोन नकार शेजारी शेजारी राहत आहेत. देव आहे हे पटत नाही, हा एक, आणि कोणाचे काही घ्यायचे नाही, हा दुसरा. पहिला विचारातून आलेला आहे, त्याला कारणे आहेत आणि त्यावर वाद होऊ शकतो. दुसरा त्याहून पुष्कळ जुना आहे आणि तो पहिल्याच्या आडोशाला उभा राहतो, कारण ‘मला तुमचे उपकार नकोत’ असे म्हणण्यापेक्षा ‘मी तुमचा देव मानत नाही’ असे म्हणणे अधिक तर्कशुद्ध दिसते. तुमच्या सोसायटीतल्या निरीश्वरवादी शेजाऱ्याने हेच बिल भरले असते, तर पाकीट त्याच्याही दाराखालून आत सरकवले गेले असते. आज पेच देवाचा आहे असे तुम्हाला वाटते आहे, पण तो निदान निम्मा तरी मेव्हण्याच्या वेळचा आहे.

हिशेबनीस म्हणून तुम्हाला एक गोष्ट माझ्यापेक्षा चांगली कळते. देणगी म्हणून आलेली रक्कम कोणी ताळेबंदात देणी म्हणून दाखवली, तर लेखापरीक्षक त्याला प्रामाणिक म्हणत नाही, नोंद चुकली म्हणतो आणि ती दुरुस्त करायला लावतो. खजिनदारांनी तीनदा पाकीट परत पाठवून तुमची नोंदच दुरुस्त केली आहे.

‘घेतली तर मग मानावेही लागेल’ ही जी भीती तुमच्या पत्रात ओळीओळीतून दिसते, तिच्यामुळे मला थोडे धर्मशास्त्र सांगणे भाग आहे. विश्वास ही कृपेची किंमत आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. ही समजूत तुमच्या एकट्याची नाही. साक्ष मागणाऱ्या त्या ज्येष्ठांचीही तीच आहे आणि माझ्या चर्चमधल्या निम्म्या लोकांची असावी. पण ख्रिस्ती शिकवण तशी नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की तारण, म्हणजे उद्धार, कृपेने आहे, ते देवाचे दान आहे, कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांनी मिळत नाही. विश्वास हेही एक कर्मच ठरवून त्याच्या बदल्यात काही मिळवता येईल का, हा प्रश्न पुढे उठलाच, आणि इसवी सन ५२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज येथे भरलेल्या धर्मसभेने विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते असे ठरवले. म्हणजे नाणे म्हणून पुढे करायला माणसाजवळ काही उरलेच नाही. १५१७ मध्ये मार्टिन लुथरने वाद उभा केल्यानंतर तुमच्या पत्नीच्या प्रोटेस्टंट पंथाचे आणि माझ्या पंथाचे पूर्वज याच विषयावरून एकमेकांच्या उरावर बसले, आणि १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला ऑग्सबर्गमध्ये लुथरच्या परंपरेतल्या लुथेरन चर्चनी आणि कॅथलिकांनी जे संयुक्त निवेदन स्वीकारले त्यात, आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, हे दोघांनीही मान्य केले. दोन्हीकडच्या विद्वानांना इतके सोपे वाक्य एकत्र उच्चारायला पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ लागला, यावरून ते माणसाच्या पचनी पडायला किती जड आहे ते दिसते.

श्रद्धावंतांनाही ते पचत नाही, याचे पुरावे खुद्द शास्त्रातच आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २०व्या अध्यायात येशू सांगतो त्या गोष्टीतल्या द्राक्षमळ्यात दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्या मजुरालाही दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी मिळते, आणि कुरकुर करतात ते दिवसभर राबलेलेच. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना सरस्वती म्हणून गौरवले, त्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे स्वतःच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ते उमगायला त्यांना त्यानंतर आठेक वर्षे लागली. एवढी बुद्धी, एवढा निग्रह, बाप्तिस्माही झालेला, आणि फुकट मिळालेले फुकट म्हणून घेणे तेवढे बाकी होते. तुम्ही तर बाकावर येऊन बसायचाही विचार अजून करताच आहात.

तुमच्या पाकिटाला शोभेल अशी एक गोष्ट बायबलच्या जुन्या करारात आहे, ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात. अरामाचा सेनापती नामान कोडी होता. तो इस्राएलात बरा व्हायला आला तो दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोने (ही त्या काळची वजने) आणि दहा पोशाख घेऊन. अलीशा संदेष्टा त्याला भेटायला बाहेरसुद्धा आला नाही. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, एवढा निरोप त्याने पाठवला. नामान संतापला. त्याला वाटले होते, काही अवघड करायला सांगतील, काही मोठे मागतील. त्याच्या चाकरांनीच त्याची समजूत घातली, की काही कठीण सांगितले असते तर तुम्ही केले असते ना? मग हे तर सोपे आहे. तो बरा झाला, सगळी संपत्ती घेऊन परत आला, आणि अलीशाने त्यातले काहीही घेतले नाही. आग्रह करूनही घेतले नाही. अलीशाचा नोकर गेहजी मात्र मागून धावत गेला, खोटे बोलून त्याने दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख उकळले, आणि नामानाचे कोड त्याला जडले. फुकट दिलेल्याचे पैसे वसूल करण्याला शास्त्र किती वाईट मानते, ते यातून दिसते. त्यामुळे तुमच्या खजिनदारांना चौथ्यांदा गेहजी व्हायची संधी देऊ नका. नामान शेवटी इस्राएलाच्या देवाला मानू लागला, हे मी लपवत नाही. पण ती अट कोणी घातलेली नव्हती, आणि आपल्या राजाबरोबर रिम्मोन या अरामी देवाच्या मंदिरात मला वाकावे लागेल असे त्याने सांगितले तेव्हाही अलीशाने त्याला शांतीने जा, एवढेच म्हटले.

तर मग करायचे काय? पैशांचा विषय बंद करा. बरेच लोक तुम्हाला सुचवतील की तेवढीच रक्कम दुसऱ्या एखाद्या रुग्णासाठी द्या म्हणजे मन हलके होईल. एरवी हा सल्ला वाईट नाही, पण तुम्हाला मी तो आज देणार नाही, कारण तुमच्या हातात त्याचाही हप्ता होईल आणि तुम्ही पावती जपून ठेवाल. वर्ष-दोन वर्षांनी, हा आकडा विसरल्यावर, कोणाला द्यावेसे वाटले तर खुशाल द्या. डब्यात साखर घातलीत ते मात्र योग्यच केलेत. डबा रिकामा परत करू नये ही आपली रीत आहे आणि ती फेड नसते, दुसऱ्या घराशी नाते चालू आहे याची खूण असते. साखर ठेवा, नोटा काढा. आणि पाकीट पोचवायला पत्नीला पाठवू नका. ते तिचे लोक आहेत. आजारात तिला ज्यांचा आधार वाटला त्यांच्याच दारात तुम्ही तिला दर वेळी परतफेडीचा निरोप घेऊन उभी करता आहात.

त्या मुलाला मात्र भेटा. पत्रात तुम्ही त्याचे आभार मानल्याचा उल्लेख नाही, आणि उल्लेख राहून गेला असेल असे मला वाटत नाही. तो बाजारातून दुपारी सुटत असेल, तेव्हा गाठा किंवा घरी बोलवा. शर्टपीस नको, मिठाईचा खोका नको, पाकीट तर नकोच. ‘त्या रात्री तू जे केलेस ते माझ्या लक्षात आहे, आणि तुझ्या चर्चची मी टिंगल करत असे तेही,’ एवढे स्पष्ट बोला आणि थांबा. तो बहुतेक लाजेल आणि ‘प्रभूने करून घेतले, काका’ असे काहीसे म्हणेल. तिथे त्याच्याशी वाद घालू नका. ते माणुसकीने केलेस, देवाचा काय संबंध, असे त्याला समजावून सांगायचा मोह तुम्हाला नक्की होईल. पण त्याने जे दिले त्याचा अर्थही तुम्हीच ठरवून त्याच्या हातात ठेवलात, तर ते पुन्हा तुमच्याच वहीत जमा होईल. तुम्ही ते माणसाकडून आलेले म्हणून घ्या. त्याला ते देवाकडून आलेले म्हणून देऊ द्या. या दोन्ही गोष्टी एका खोलीत राहू शकतात, तुमच्या घरात त्या गेली कित्येक वर्षे राहतच आहेत.

कोणाचीही मदत डोळे झाकून घ्या असे माझे म्हणणे नाही. मदतीच्या मागून हळूच अट पाठवणारी माणसे सर्व धर्मांत आहेत आणि आमच्यातही आहेत. तुमच्या बाबतीत ओळखायला सोपे आहे. तुम्ही काहीच मानले नाही, तरी महिनाभर डबे येत राहिले आणि पाकीट परतच आले. साक्ष मागणाऱ्या ज्येष्ठांना मात्र सरळ नकार द्या. कृतज्ञ माणसाने मंचावर उभे राहून जे मनात नाही ते बोललेच पाहिजे असे कोणतेही शुभवर्तमान सांगत नाही, आणि तुमच्या तोंडची खोटी साक्ष ऐकून त्या मंडळीचे काही भले होणार नाही. त्यांनी पुन्हा विषय काढला तर पाळकांना सांगा. जे इतके दिवस गप्प राहिले, ते हे ऐकून घेतील.

राहिला चर्चचा प्रश्न. कधी एखाद्या रविवारी काही फेडायचे नसताना, पत्नीला सोबत म्हणून किंवा नगरकडच्या चालीतली गीते ऐकावीशी वाटली म्हणून, जावेसे वाटले तर जा. अविश्वास घरी ठेवून यायची गरज नाही, तो बाकावर शेजारी बसवा. मार्काच्या शुभवर्तमानातल्या ९व्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एकाच दमात. त्याच्या मुलाला बरे करण्याआधी त्याला कोणी नीट ठरवून यायला सांगितले नाही. तसे कधीच जावेसे वाटले नाही तर जाऊ नका, आणि त्यामुळे तुम्ही कृतघ्न ठरत नाही. पत्नीला हे उत्तर वाचून दाखवायचे असेल तर दाखवा. ती माझ्यावर चिडेल, ते मी सोसेन.

देव आहे की नाही यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर अवश्य लिहा. चाळीस वर्षांत तुम्ही काय काय वाचले आणि तुम्हाला काय काय पटले नाही ते सविस्तर लिहा, मी शक्य तेवढी उत्तरे देईन आणि जिथे उत्तर नसेल तिथे तसे सांगेन. त्या पत्रात मात्र रुग्णालयाचे बिल नको.